पाणी निवळले, गाळाचे काय?

नंदाखाल गावातून नदी वाहत नाही. इथे केळीच्या वाड्या आहेत, पानवेली आहेत, विहिरी आणि बावखले आहेत, जुने चर्च आहे. त्यामुळे नदीच्या प्रदूषणाची बातमी आली की ती कल्याण-उल्हासनगरची म्हणून आपण पान उलटतो. पण एकदा वसई तालुक्याचा नकाशा पुढे घेऊन बसावे. उत्तरेला वैतरणा अर्नाळ्यापाशी समुद्राला मिळते. दक्षिणेला उल्हास नदी वसईची खाडी होऊन किल्ल्याच्या पायथ्याशी समुद्रात शिरते. पश्चिमेला राजोडी-कळंबचा किनारा. ज्या भूमीला आपण कौतुकाने हरित वसई म्हणतो, ती दोन नद्यांच्या मुखांमध्ये वसलेली आहे. सह्याद्रीवरून निघालेली माती कुठे थांबते, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आपल्या अंगणाच्या आसपास आहे.

गाळाची ताकद वसईकरांना नवी नाही. शेजारचे सोपारे हे एकेकाळचे शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचे नावाजलेले बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला बौद्ध स्तूप उकरला आणि त्या वैभवाचा पुरावा जगापुढे आला. ते बंदर ज्या खाडीवर होते, ती खाडी शतकानुशतकांच्या गाळाने भरत गेली. जिथे गलबते लागत तिथे आज वस्ती आहे.

त्या काळी गाळ म्हणजे निव्वळ माती होती. बंदर बुजले तरी माणसाच्या शरीराला त्यापासून धोका नव्हता. आजच्या गाळाबद्दल तसे बेधडक म्हणता येत नाही.

तुरटी काय करते?

पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ झाले की घरोघरी हंड्यात तुरटीचा खडा फिरवीत. निवळीचे बी उगाळून घालण्याची रीत तर त्याहूनही जुनी. तासा-दोन तासांत वरचे पाणी नितळ होई आणि तळाशी गाळ बसे. नदीतील जड धातूंचे सगळे शास्त्र या हंड्यात सापडते.

चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या दोन हजारांशाहूनही बारीक असतो. अशा प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो. सारखा भार असलेले कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून ते खाली न बसता तरंगत राहतात. तुरटीतील ॲल्युमिनियमचा भार धन. तो कणांचा भार मारतो. मग कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि बुडतात.

आता शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त हे धातूही पाण्यात विरघळले की बहुधा धनभाराचे होतात. ऋणभाराचा मातीचा कण त्यांना ओढून घेतो. शिवाय अशा कणांवर लोह आणि मँगॅनीज यांच्या ऑक्साइडांचा पातळ लेप असतो, कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे अंश असतात. त्यांनाही धातू घट्ट चिकटतात. केवलिन जातीच्या एक ग्रॅम मातीतील कणांचा पृष्ठभाग उलगडून मांडला, तर दहा-वीस चौरस मीटर, म्हणजे एका खोलीएवढा भरतो. एवढ्या जागेवर किती धातू बसू शकेल याची कल्पना करावी. त्यामुळे नदीत सोडलेला धातू फार काळ मोकळा फिरत नाही. त्याचा मोठा हिस्सा तरंगत्या मातीच्या पाठीवर बसूनच प्रवास करतो.

न कुजणारा पाहुणा

जड धातू म्हणजे काही परग्रहावरची वस्तू नव्हे. तांबे आणि जस्त थोड्या प्रमाणात शरीराला लागतात. पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर त्यातले ताक कळकते, हे आपल्या आज्यांना कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होते. आंबट पदार्थ धातूला विरघळवतो, हा त्यातला धडा. शिसे, पारा आणि कॅडमियम यांचे मात्र शरीराला काहीच काम नाही. शिसे लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला मारक ठरते. कॅडमियम मूत्रपिंडात साठून राहते. पारा मज्जासंस्थेवर घाला घालतो.

सांडपाण्यातली घाण कुजते आणि नदीला पुरेसा प्राणवायू मिळाला तर ती तिला पचवते. धातू कुजत नाही, जळत नाही, म्हातारा होत नाही. तो फक्त जागा बदलतो. म्हणून धातूच्या बाबतीत खरा प्रश्न एकच: तो आता कुठे आहे?

त्याचे उगमही आपल्या ओळखीचेच आहेत. भांड्यांना आणि सुट्या भागांना मुलामा देणारे कारखाने, बॅटऱ्या, रंग, कापडाची रंगाई, भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या. विसर्जनाच्या मूर्तींवरचे रासायनिक रंगही त्यात आले. म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये मूर्ती विसर्जनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२० मध्ये त्या अधिक कडक केल्या.

राजमाचीपासून वसईपर्यंत

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते. कर्जत, नेरळ, बदलापूर करीत ती कल्याणला येते. वाटेत अंबरनाथ-उल्हासनगरची वस्ती आणि कारखाने अंगावर घेत आलेली वालधुनी तिला मिळते. काळू आणि भातसा कल्याणच्या परिसरात येऊन मिळतात. पुढे डोंबिवली, भिवंडीची कामवारी आणि ठाणे. ठाण्याजवळ खाडीला दोन वाटा फुटतात. मुख्य प्रवाह घोडबंदर आणि वसई यांच्या मधून पश्चिमेकडे वळतो. महाराष्ट्रातील एवढा दाट औद्योगिक पट्टा ज्या नदीच्या काठावर आहे, तिचे दार वसईला उघडते.

काळू नदीत आंबिवलीजवळ पाऱ्याचे प्रदूषण असल्याची चर्चा १९८० च्या सुमारासच अभ्यासकांत सुरू झाली होती. कल्याणच्या आसपास कॉस्टिक सोडा बनवणारे कारखाने होते आणि त्या काळच्या पद्धतीत पारा वापरला जाई. २०१४ च्या नोव्हेंबरात वालधुनीत कुणीतरी घातक रसायने ओतली आणि उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना रात्री गुदमरून दवाखान्यात धाव घ्यावी लागली. वास आला म्हणून त्या प्रकाराला वाचा फुटली. धातूला वास नसतो.

खाडी हीच मोठी तुरटी

गोडे पाणी खाऱ्या पाण्याला मिळते तिथे निसर्ग प्रचंड प्रमाणावर तुरटी फिरवतो. समुद्राच्या पाण्यातील क्षार मातीच्या कणांचा भार मारतात, कणांचे पुंजके होतात आणि ते खाली बसतात. भरती-ओहोटी त्यांना मागे-पुढे हेलकावे देत राहते. पावसाळा सरला की वरून येणारे गोडे पाणी आटते. मग खाडीतला गाळ समुद्रात लोटला जात नाही, तिथेच घोटाळतो. तिवरांच्या मुळांत, मिठागरांच्या कडेला, चिखलाच्या पाटांवर तो थर धरतो.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उल्हासच्या खाडीतील गाळातला पारा मोजला. तो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कारखान्यांचे पाणी जिथे नदीत येते त्या आतल्या भागातील गाळात पारा सर्वाधिक आढळला आणि समुद्राकडे येताना तो कमी होत गेला. वसईकरांना यात थोडा दिलासा आहे. पण त्याचा अर्थ एवढाच की गाळाने पारा वाटेत अडवून धरला आहे. देशातल्या कॉस्टिक सोडा उद्योगाने पाऱ्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सोडली. पारा रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. नळ बंद झाला. सांडलेले मात्र अजून खाली आहे.

अडवून धरलेला धातू तीन वाटांनी सुटतो. पहिली वाट ढवळण्याची. खाडीतली रेती पूर्वी डुबी मारून, हातपाटीने काढीत. यंत्राने ओढणारे सक्शन पंप आले तेव्हा वर्षानुवर्षे दबलेले थर पुन्हा पाण्यात उधळू लागले. खोल, प्राणवायू नसलेल्या चिखलात धातू गंधकाशी बांधलेले राहतात. ते थर उघड्यावर आले की ही गाठ सैल होते.

दुसरी वाट क्षारांची. शिसे गाळाला चिकटून राहते, पण कॅडमियमचा स्वभाव वेगळा. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइड त्याला कणावरून सोडवून घेते आणि ते पुन्हा पाण्यात मोकळे होते.

तिसरी वाट जिवांची, आणि तीच आपल्या ताटात येते. कालव आणि खुबे पाणी गाळून अन्न मिळवतात. एका दिवसात कित्येक लिटर पाणी त्यांच्यातून जाते आणि पाण्यातले तरंगते कण त्यांच्या पोटात राहतात. निवटी तर चिखलातच जगते. गाळातील सूक्ष्मजीव पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हा पारा लहान जिवातून मोठ्या माशात जाताना प्रत्येक पायरीवर वाढतो. म्हणून बोंबील-जवळ्यापेक्षा मोठ्या, दीर्घायुषी शिकारी माशांत तो अधिक असतो. मासे सोडून द्या, असे कुणी यातून वाचू नये. मासळीसारखा सकस आहार थोडाच आहे. पण ती कुठल्या चिखलातून आली, हे विचारण्याचा हक्क खाणाऱ्याला आणि पकडणाऱ्या कोळ्याला दोघांनाही आहे.

जपानमधल्या मिनामाता गावाने हे विचारायला उशीर झाल्याची जबर किंमत मोजली. १९५६ मध्ये तिथल्या विचित्र आजाराची अधिकृत नोंद झाली. कारखान्याने उपसागरात पारा सोडणे थांबवले ते १९६८ मध्ये. तळाचा गाळ काढण्याचे आणि काही भाग भर घालून बुजवण्याचे काम १९७७ ते १९९० इतके चालले. तिथले मासे खाण्यास सुरक्षित असल्याची घोषणा १९९७ मध्ये झाली. नळ बंद केल्यापासून गाळ निर्धास्त होईपर्यंत एकोणतीस वर्षे गेली.

अहवाल निर्दोष का येतो?

आता मूळ मुद्दा. प्रयोगशाळेत पाण्यातील विरघळलेला धातू मोजायचा असेल, तर नमुना आधी ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या कागदातून गाळतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गाळून खाली आलेले पाणी तपासले जाते. पण कागदावर उरलेल्या गाळाचे काय? तो वेगळा तपासला तर आणि तरच नदीची पूर्ण हकिगत कळते.

एक साधा हिशेब मांडू. समजा, पावसाळ्यात नदीच्या एका लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम माती तरंगते आहे आणि त्या मातीच्या दर ग्रॅममागे ६० मायक्रोग्रॅम शिसे आहे. म्हणजे लिटरमागे मातीवर स्वार झालेले शिसे झाले ३० मायक्रोग्रॅम. भारतीय मानक ब्युरोने पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ठरवली आहे. पाऱ्याची १ आणि कॅडमियमची ३. आता तेच पाणी गाळून तपासले, तर शिसे एक-दोन मायक्रोग्रॅम निघेल आणि अहवालात लिहिले जाईल: मर्यादेच्या आत. अहवाल खोटा नाही. त्याला प्रश्नच अर्धा विचारला गेला.

दुसरी त्रुटी मोजमापाच्या निवडीची. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातील नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले. त्यांतले सर्वाधिक, ५३, महाराष्ट्रातले. पण हे पट्टे ठरवले ते पाण्याच्या जैविक प्राणवायू मागणीवरून. सांडपाण्याची घाण त्यातून कळते, धातू कळत नाही. नदी या कसोटीला उतरली, तरी तिच्या गाळात काय आहे ते अंधारातच राहते. कॅनडासारख्या देशांनी गाळासाठी मार्गदर्शक आकडे ठरवले आहेत. तिथे समुद्री गाळात किलोमागे पाऱ्याचा इशारा-आकडा ०.१३ मिलिग्रॅम आणि शिशाचा सुमारे ३० मिलिग्रॅम आहे. आपल्याकडे पाण्यासाठी मर्यादा आहेत, गाळासाठी बंधनकारक मर्यादा नाही.

इथे एक सावधगिरीही हवी. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातच तांबे, निकेल, क्रोमियम बऱ्यापैकी असते. आपल्या गाळात तांबे सापडले की लगेच कारखान्याकडे बोट दाखवणे बरोबर नाही. वरच्या, माणसाचा हात न लागलेल्या ओढ्यातला गाळ आणि खाडीतला गाळ शेजारी ठेवून पाहावे लागते. दोघांतील फरक ही माणसाची भर.

खालच्या गावांचा हक्क

नदीच्या तोंडाशी असलेल्या गावाला वरच्यांनी केलेले निमूट सोसावेच लागते का? हॉलंडमधल्या रॉटरडॅमने तसे मानले नाही. ऱ्हाईन नदी स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी ओलांडून तिथे येते. बंदर खुले ठेवण्यासाठी दरवर्षी प्रचंड गाळ उपसावा लागे आणि तो धातूंनी इतका भरलेला असे की समुद्रात टाकण्याची सोय नव्हती. १९८७ मध्ये त्यासाठी स्लुफ्टर नावाचे मोठे साठवण-कुंड बांधावे लागले. मग शहराने गाळाचे नमुने घेत घेत वरच्या काठाने शोध चालवला, कुठला धातू कोणत्या कारखान्यातून येतो ते हुडकले आणि त्या उद्योगांना वाटाघाटीच्या मेजावर आणले. हातात गाळाचे आकडे होते, म्हणून बोलणी झाली.

आपल्याकडेही लोक गप्प बसलेले नाहीत. उल्हास आणि वालधुनीसाठी ‘वनशक्ती’ ही संस्था २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. आपल्याच जिल्ह्यात तारापूरच्या औद्योगिक सांडपाण्याने खाड्या आणि मासेमारी नासली म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये लवादाचे दार ठोठावले. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशात पहिले आले होते. लवादाने २०२२ च्या जानेवारीत कारखान्यांना भरपाईचा आदेश दिला. ही लढाई मच्छीमारांनी लढवली, हे विसरता येणार नाही.

नंदाखालला तर या बाबतीत वारसाच आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच गावचे. ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या झेंड्याखाली त्यांनी इथली शेती, झाडे आणि पाणी यांसाठी माणसे उभी केली. २०२४ च्या जुलैत ते गेले. त्या चळवळीने पाणी किती उरले हे विचारायला शिकवले. आता त्या पाण्याच्या तळाशी काय उरले, हे विचारण्याची पाळी आपली आहे.

काय मागावे, काय करावे

घाबरण्याचे कारण नाही. वसई-विरारच्या नळाला सूर्या, उसगाव, पेल्हार यांसारख्या धरणांचे पाणी येते, खाडीचे नव्हे. पण काही गोष्टी घरात माहीत असाव्यात. पाणी उकळल्याने जंतू मरतात. धातू जात नाही, उलट पाणी आटते तेवढा तो दाटतो. विहिरीच्या पाण्याचा अहवाल काढताना जंतू आणि क्षार यांच्याबरोबर शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा हे रकाने भरून मागावेत. संपलेल्या बॅटऱ्या, फुटलेल्या ट्यूबलाइट, जुने पाऱ्याचे थर्मामीटर गटारात किंवा बावखलात जाऊ देऊ नयेत. पावसाळ्याचे तुंबलेले पाणी ओसरताना अंगणात गाळाचा थर ठेवून जाते. २०१८ च्या जुलैत तर वसई-विरारमध्ये पाणी कित्येक दिवस हटत नव्हते. तो गाळ मुलांच्या हाताला लागण्याआधी काढावा.

बावखलांचा विचार वेगळा करायला हवा. उन्हाळ्यात तळे-विहिरीचा गाळ काढून वाडीत टाकणे ही आपल्या मुलखाची जुनी शहाणी रीत. २०१७ पासून सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनाही त्याच विचारावर उभी राहिली. गाळ हे सोनेच आहे, पण सोनेही आपण पारखून घेतो. ज्या बावखलात सांडपाणी, कारखान्याचा नाला किंवा रंगीत मूर्ती गेल्या आहेत, त्याचा गाळ पालेभाजीच्या वाफ्यात टाकण्याआधी तपासून घ्यावा. पाने धातू लवकर उचलतात आणि जमिनीत गेलेला धातू तिथून काढणे कुणाच्या हातात राहत नाही.

आणि शासनाकडे मागणी एकच, पण ती नेमकी असावी. वसईची खाडी आणि वैतरणेचे मुख येथे पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यात आणि नंतर असे वर्षातून तीनदा पाणी, तरंगते कण आणि तळाचा गाळ हे तिन्ही वेगवेगळे तपासले जावेत आणि आकडे मराठीतून, ग्रामस्थांना वाचता येतील असे जाहीर व्हावेत. महापालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि परिसरातील महाविद्यालयांचे रसायनशास्त्र विभाग मिळून हे करू शकतात. त्यासाठी लागणारी यंत्रे देशात आहेत, माणसेही आहेत. रेती उपशाचा किंवा खाडी खोल करण्याचा परवाना देण्याआधी त्या जागेच्या गाळाचा अहवाल सक्तीचा व्हावा.

हंड्यात तुरटी फिरवून झाल्यावर घरची बाई वरचे पाणी अलगद ओतून घेत असे आणि तळाचा गाळ हंड्यात राहू देत नसे. तो कुठे टाकायचा हेही तिला ठाऊक असे. नदीच्या बाबतीत वरच्या नितळ पाण्यावर आपण समाधान मानत आलो. तळ कुणी पाहिलाच नाही. वसई त्या तळाशी राहते, तेव्हा तो पाहण्याचा आग्रह वसईनेच धरला पाहिजे.